सलग

नियमावलीच्या मसुद्यात ‘सलग’ हा शब्द ‘सगल’ असा पडला होता. मी तो दुरुस्त केला, समासात बारीक खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेले. जुन्या बाजारपेठेत कुठल्या धंद्याला जागा द्यायची आणि कुठल्याला नाही, याची ती चोपन्न पानं नगरपालिकेनं आमच्या छापखान्यात पाठवली होती. मुद्रितशोधकाचं काम असंच असतं. अक्षरं वाचायची, मजकुरात गुंतायचं नाही.

ते कलम असं होतं: बाजारपेठेत तळमजल्यावर रंगाचं काम करणारं नवं दुकान निघणार नाही. आधीपासून असलेली राहतील, मात्र दुकान सलग सहा महिने बंद राहिलं तर ही मुभा कायमची संपेल.

बाबा पेंटर होते. त्या बाजारातल्या निम्म्या दुकानांवर त्यांचं अक्षर आहे. मला चिडवायचे, “तुझी चूक रबरानं जाते. माझी दहा फुटांवरून साऱ्या गावाकडे बघत बसते.” एकदा भांड्यांच्या दुकानाच्या बोर्डावर अनुस्वार राहिला, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच शिडी खांद्यावर टाकून निघाले. मालकाच्या लक्षातही आलं नव्हतं. आणि नियमावली छापून आली तेव्हा बाजारभर सांगत सुटले, की यातला शब्द न् शब्द माझ्या मुलीनं वाचलाय.

त्यानंतर चार महिन्यांनी त्यांच्या फुफ्फुसांनी दगा दिला. पन्नास वर्षांचा टर्पेंटाइन, डॉक्टर म्हणाले. खिडकीशी पलंग लावला, शेजारी ऑक्सिजनचं नळकांडं. दुकानाची किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि सांगितलं, रोज उघड, तासभर का होईना.

पहिले आठ दिवस मी उघडलं. वाळलेल्या ब्रशांमध्ये बसून छापखान्याची पानं तपासली. कोणी आलं नाही. नवव्या दिवशी औषधांच्या रांगेत उशीर झाला. संध्याकाळी त्यांनी विचारलं, “उघडलंस का?” मी म्हटलं, हो. इतकं सोपं होतं ते. दहाव्या दिवशीही सोपंच गेलं.

मग मी गिऱ्हाईकं रचू लागले. आजारी माणसाचा जीव रमतो, अशी स्वतःची समजूत घातली. आज शिंपी येऊन गेला, आज शाळेचे मास्तर डोकावले. बाबा ऐकायचे. उशाजवळच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं त्या तारखेच्या चौकोनात एक ‘उ’ काढायचे. घरी येणाऱ्या नर्सबाईंना वाटलं, उलटीची नोंद ठेवतात. त्यांनी काळजीनं डॉक्टरांच्या कानावरही घातलं. बाबा खोकला येईपर्यंत हसले, पण त्या ‘उ’चा अर्थ काही त्यांनी सांगितला नाही.

तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी माझं नेहमीचं सांगून झाल्यावर ते म्हणाले, “सहा महिने होऊ देऊ नकोस हां.”

मला वाटलं, ते स्वतःच्या हालांबद्दल बोलताहेत. मी म्हटलं, असं बोलू नका. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं. तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही. “उघडलंस का?” हे मात्र रोज विचारत राहिले. मी हो म्हणत राहिले. एकदा सांगायला काही सुचेना, तेव्हा म्हटलं, एक दंतवैद्य आले होते, त्यांना बोर्ड हवाय. बाबांनी कागद मागितला. दोन दिवस उशीला टेकून, थांबत थांबत, नमुना काढून दिला. ‘द्य’कडे लक्ष ठेव, म्हणाले, लोक त्याचा ‘ध्य’ करून टाकतात.

सातव्या महिन्यात ते गेले.

बाबांच्या हाताखाली तयार झालेली एक बाई दुकान चालवायला तयार होती. पाटी तीच, काम तेच. मला दुसरं काही नको होतं. पेंटरचं दुकान पेंटरचंच राहावं, एवढंच. परवानगी माझ्या नावावर करायला नगरपालिकेत गेले, तेव्हा तिथल्या साहेबांनी ते कलम माझ्यासमोर ठेवलं. माझीच दुरुस्ती होती. मी ते तिथे उभ्यानं पहिल्यांदा वाचलं.

दुकान बंद होऊन सात महिने बारा दिवस झाले होते. विजेचा आकडा हललेला नव्हता. साहेब चांगला माणूस. म्हणाले, मधे एक दिवस जरी उघडल्याचा पुरावा असेल तर ‘सलग’ तुटतं. काहीही आणा, घरातलं टिपण चालेल, शेजाऱ्याचं पत्र चालेल.

दुकानाशेजारी घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळकाका लगेच तयार झाले. “लिहून देतो की. इथं भिंतीवरची वीस घड्याळं वीस वेळा दाखवतात, मी एक दिवस दाखवला तर कुणाचं काय जातंय?” मग आवाज खाली आला. “पण पोरी, मी त्यांना भेटायला आलो होतो ना, तेव्हा विचारत होते, ती किती वाजता येते दुकानात. मी बोलून गेलो, कुलपाला गंज चढलाय म्हणून. गप्प राहायला हवं होतं मी.”

घरी येऊन कॅलेंडर उतरवलं. पहिल्या महिन्यातले ‘उ’ बोर्डावर शोभतील असे होते, वळण सुटलेलं नाही, शेपूट नेमकं. पुढे ते थरथरत गेले, पण एकही तारीख चुकली नव्हती. तिसऱ्या महिन्याच्या एकोणीस तारखेला शेवटचा. वीस तारखेला घड्याळकाका येऊन गेले होते. त्यानंतरचे सगळे चौकोन कोरे.

दंतवैद्याचा नमुना मी जपून ठेवला होता. बाबा प्रत्येक नमुन्याच्या कोपऱ्यात तारीख घालत. या कोपऱ्यात चौथ्या महिन्याची अकरा तारीख होती.

म्हणजे त्यांना माहीत होतं. दंतवैद्य नाही हे माहीत असून त्यांनी त्याच्यासाठी दोन दिवस श्वास खर्च केला. आणि रोज विचारत राहिले, कारण त्यांच्या लेखी मी ते कलम वाचलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडर पिशवीत घालून कचेरीत गेले. साहेबांनी ते हातात घेतलं. “हे तर पेंटरांचं अक्षर,” ते म्हणाले. “हा शेवटचा ‘उ’ धरला तरी मुदतीत बसतंय. लावू अर्जाला?”

त्या अक्षरात याआधी कधी काही खोटं लिहिलं गेलं नव्हतं. मी कॅलेंडर परत मागून घेतलं.

“हे मी त्यांना सांगितलेलं आहे,” मी म्हटलं. “घडलेलं नाही.”

 साहेबांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. मी लिहिलं, की सदर दुकान माझ्या ताब्यात असताना आठ दिवस सोडून सलग बंद होतं. सही करण्याआधी, सवयीनं, सगळं एकदा वाचून काढलं. चूक कुठेच नव्हती.