ओट्याचे सहा इंच

मी स्वयंपाकघरातला ओटा बोलतोय. काळ्या दगडाचा, गुळगुळीत, गोल कडांचा. पाहुणे माझ्यावरून हात फिरवत "काय देखणा आहे!" म्हणतात, तेव्हा मला शिसारी येते.

माझा जन्मच चुकीच्या मापाने झाला. घराचा आराखडा करणाऱ्या साहेबांचा हट्ट होता, की खिडकीची चौकट आणि माझा दगड एका रेषेत हवा. तरी विचारायचं म्हणून त्यांनी घरमालकांना माझ्या जागी उभं केलं. मालक ताडमाड उंच. "झकास!" म्हणाले. या गृहस्थांनी त्यानंतर माझ्यावर साधा कांदा चिरला नाही. आणि टेपचं दुसरं टोक कुणी धरलं होतं? त्यांच्या बायकोने. बाई त्यांच्या खांद्यालाही लागत नाहीत. त्यांचं माप कुणी घेतलं नाही. नव्या घरात कुरकुर नको, म्हणून त्याही बोलल्या नाहीत.

पहिल्याच आठवड्यात त्या एक लाकडी खोकं पालथं घालून त्यावर उभ्या राहिल्या. त्याला चोवीस वर्षं झाली. खोक्यावर चढ, भाजी ढवळ, उतर, मीठ घे, पुन्हा चढ. तरी उजवा खांदा आखडलाच. मालक मात्र माझ्यावर कोपरं टेकून चहा पिताना पाहुण्यांना सांगायचे, "घर कसं, माणसाच्या मापाचं हवं." आणि कपाचा ओला डाग माझ्यावर सोडून निघून जायचे. किळस यायची. त्यांची, आणि माझीसुद्धा.

गेल्या महिन्यात खोकं सरकलं. उकळतं दूध बाईंच्या मनगटावर आलं, टरारून फोड उठले. तेव्हा कुठे मला पाडायचं ठरलं.

काल नवे साहेब टेप घेऊन आले. मालक सवयीने पुढे झाले. "घ्या, माझ्या कमरेपासून धरा."

"तुम्ही व्हा बाजूला," बाई म्हणाल्या. खोकं पायाने सारलं, अनवाणी फरशीवर उभ्या राहिल्या, कोपर दुमडलं आणि शेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. माझ्यापेक्षा सहा इंच खाली. "इथे."

"अगं, खिडकीची रेष चुकेल!"

"चुकू दे. खिडकी काही भाजी चिरत नाही."

उद्या गवंडी येईल. बाबा रे, घण बेधडक घाल. दगड शाबूत निघालाच तर त्या खुणेवर बसव, नाहीतर फेकून दे. पण माझ्याआधी ते खोकं घराबाहेर काढ.