रानपिंगळ्याची जोडी

नंदिनीने लॅपटॉपची वायर स्पीकरला जोडली, तशा जयवंताबाई उठल्या आणि खुर्ची ओढत थेट त्या काळ्या डब्याशेजारी जाऊन बसल्या.

"काकू, तिथं कान फाटतील."

"फाटू दे वं. मले त्याचं पहिलं वाक्य ऐकाचं आहे."

सदर भागातल्या त्या सभागृहात देणगीदार जमले होते. निम्मे देणगीदार, निम्मे कचोरीसाठी आलेले. जयवंताबाईंचा मुलगा धम्मदीप पक्ष्यांचा अभ्यास करायचा; तो मेळघाटच्या घाटात जीप उलटून गेला, त्याला तीन वर्षं झाली. त्याच्या नावाने शिष्यवृत्ती निघाली, ती पहिली नंदिनीला मिळाली. आता आणखी मुलांना शिकवायचं आणि रानपिंगळ्याचा, त्या दुर्मिळ छोट्या घुबडाचा, अभ्यास पुढे न्यायचा, तर पैसा उभा करणं भाग होतं. म्हणून आज धम्मदीपने टिपलेला शेवटचा आवाज ऐकवायचा होता. रानात पाखराचा आवाज टिपताना आधी तारीख, वेळ, ठिकाण स्वतःच्या तोंडाने सांगायचं, ही या पक्षी-अभ्यासकांची रीत. त्याचा फोन अपघातातच गेला. बेसा भागातल्या त्यांच्या घरात त्याचे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. जयवंताबाई त्या एका वाक्यासाठी आल्या होत्या.

नंदिनीचा हात थबकला.

"काकू, ते वाक्य मी कापलं. अभ्यासासाठी माणसांचे आवाज काढूनच टाकतो आम्ही. आणि मग रेकॉर्डरचं मूळ मेमरी कार्ड खराब झालं."

जयवंताबाईंनी पदर तोंडाशी धरला. राग आला होता, पण पोरीचा चेहरा इतका उतरला होता की रागावून करायचं काय!

नंदिनी माईककडे गेली. "पहिला आवाज नराचा, दुसरा त्याला उत्तर देणाऱ्या मादीचा. त्या टेकडीवर रानपिंगळ्याची जोडी आहे, याचा आमच्याकडे हा एवढाच पुरावा."

डब्यातून शीळ उठली. दोनदा, शेवटी किंचित फाटलेली. मग लांबून उत्तर आलं.

जयवंताबाईंनी कान स्पीकरच्या जाळीला लावला. सातवीत सायकलवरून पडून धम्मदीपचा पुढचा दात अर्धा तुटला होता. तेव्हापासून त्याची शीळ शेवटी अशीच फाटायची. पाखराला बोलतं करायला तो गच्चीवर तासन्‌तास हीच शीळ घोटायचा आणि त्या खालून ओरडायच्या.

टाळ्या पडल्या. माणसं चेकबुक काढून टेबलाकडे निघाली. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं; पैसा धम्मदीपच्याच नावाने येत होता. त्यांनी नंदिनीला खुणेने बोलावलं.

"पहिला पक्षी नाही आहे तो. धम्मा आहे."

नंदिनीने हेडफोन लावून तो तुकडा तीनदा ऐकला. मग खालीच बसली.

"मग जोडी नाही, काकू. हे सांगितलं तर लोक उठून जातील."

"जाऊ दे. सांगून टाक. माहा पोरगा खोटं लिहत नव्हता."

नंदिनीने सांगितलं. माईकसमोर उभं राहून सगळं सांगितलं. टेबलापुढची रांग विरळ झाली. एक म्हातारे गृहस्थ तेवढे चेक लिहीत राहिले. नंदिनी परत येऊन शेजारी बसली, तेव्हा जयवंताबाई अजून स्पीकरकडेच बघत होत्या.

"म्हणजे ते पाखरू एकटंच होतं तिथं?"

"हो, काकू."

"धम्माले आपलं समजून बोलत होतं."

नंदिनीने मान हलवली.

"मंग आता त्याले कोण आवाज देऊन राहिलं वं?"