भिंगबाबाच्या पडद्यावरचा जंत

रंगाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. खिडक्यांना काळे पडदे, समोर भलामोठा टीव्ही, पुढ्यात टेबलावर सूक्ष्मदर्शक, आणि त्यामागे पांढऱ्या डगल्यातला भिंगबाबा. आजारी माणसानं वाडग्यातल्या पाण्यात बोटं बुडवायची. बाबानं त्यातला थेंब काचेवर घ्यायचा, काच भिंगाखाली सरकवायची, की पडद्यावर तो उगवायचा: हातभर लांब, आरपार दिसणारा, तोंडाला लांब सोंड, काळ्या ठिपक्यांसारखे दोन डोळे.

"बघा! हाच तुमच्या रक्तातला भाडेकरू!" बाबा गरजला. "गोळी तुम्ही गिळता, अंगी याच्या लागते! डॉक्टर औषध देतो, हा मिटक्या मारतो!"

किड्याच्या अंगाला मध्येच एक खाच पडली. मागचा भाग थरथरू लागला. त्यालाही डोळे होते.

"पिलावळ! पिलावळ वाढतेय!"

हॉलमधून एकच हाय उठली. एक म्हातारे गृहस्थ दोन्ही हात सदऱ्याला पुसत सुटले, ते थांबेचनात.

शेवटच्या रांगेत दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरलीला लहानपणापासून फिट यायच्या. गोळ्यांमुळे कित्येक वर्षांत एकही आली नव्हती. पण या पडद्यावर 'आपला' जंत पाहिल्यापासून तिनं गोळ्या बंद केल्या होत्या. आज ती धाकटीला ओढून घेऊन आली होती.

धाकटी लग्नाच्या व्हिडिओंची काटछाट करून पोट भरायची. हौस मात्र वेगळी. तळ्यातलं शेवाळ बरणीत आणायचं आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडलेल्या सूक्ष्मदर्शकातून पाणकिड्यांचं चित्रण करायचं. नवरा म्हणायचा, "लोक मांजर पाळतात, आमच्याकडे गांडुळाचे चुलतभाऊ आहेत."

पडद्याकडे पाहता पाहता धाकटी एकदम पुढे वाकली. कोपऱ्यात शेवाळाचा एक धागा होता, आकड्यासारखा वाकलेला. आता किडा त्याला सोंडेनं दोनदा चाचपेल, तिला वाटलं, आणि डावीकडे वळेल.

किड्यानं दोनदा चाचपलं. डावीकडे वळला.

हा तिचाच किडा होता. एका दुपारी श्वास रोखून तिनं त्याचं चित्रण केलं होतं आणि कुणीही पाहावं म्हणून इंटरनेटवर टाकलं होतं. पाहिलं कुणी नव्हतंच फारसं. आता हॉलभर माणसं त्याला आपापल्या रक्तात शोधत होती.

घरी आल्यावर तिचा स्वतःचा दंड खाजू लागला. सगळं ठाऊक असूनही खाजू लागला. तिनं बाही वर करून पाहिलं आणि स्वतःचीच तिला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीच्या मुलीचा फोन आला. आई दूध तापवताना कोसळली होती. धाकटी धावत गेली तेव्हा थोरली भिंतीला टेकून बसली होती. ओठ फाटलेला, अंगावर दूध सांडलेलं. गॅस मुलीनं वेळेवर बंद केला म्हणून निभावलं.

"तो निघतोय गं," थोरली हसून म्हणाली. "बाबा म्हणालेच होते, निघताना झटके देतो."

धाकटीनं मोबाईल काढून तिला चित्रफीत दाखवली. तीच सोंड, तोच धागा. थोरलीनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग तिचा आवाज एकदम खाली गेला.

"माझा जंत तुझ्याकडे कसा आला?"

"तुझा नाही गं ताई. तळ्यातला आहे. मीच चित्रण केलंय त्याचं."

"म्हणजे तुलाही झालाय." थोरलीनं तिचा दंड घट्ट धरला. "तूही खाजवतेयस."

धाकटीनं हात झटकन मागे घेतला. ती खरंच खाजवत होती.

समजावून काही होणार नव्हतं. पुढच्या सभेला धाकटी थोरलीला घेऊन पहिल्या रांगेत बसली आणि तपासून घ्यायला स्वतःच पुढे गेली. वाडग्यात बोटं बुडवली. बाबानं काच भिंगाखाली सरकवली आणि टेबलाखाली पायानं काहीतरी दाबलं. पडद्यावर किडा वळवळू लागला.

"बाई, तुमचा तर जुनाट आहे! मुरलेला!"

"हो का?" म्हणत धाकटीनं टीव्हीमागे एक नजर टाकली, भिंगाखालची काच उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

पडद्यावरचा किडा वळवळतच होता.

"थेंब माझ्या हातात आहे, बाबा. मग हा कोण पोहतोय?"

बाबानं लगेच हात उंचावला. "छाया! जंत उचलला तरी त्याची छाया मागे राहते! सात प्रहर राहते!"

आणि गंमत बघा, चार माथी मागे डोलली. कुणी तरी ओरडलं, "बाई, खाली बसा! तुमच्यामुळे आमचा नंबर जाईल!"

धाकटीनं मोबाईल वर धरला. "हीच तुमची छाया माझ्या फोनमध्येही आहे. आता तो धागा दोनदा चाचपेल. आता वळेल." पडद्यावरचा किडा तिच्या हुकमाचा ताबेदार असल्यासारखा वळला. "बाबाच्या भिंगातून टीव्हीला वायरच गेलेली नाही. टीव्हीच्या मागे पेन ड्राइव्ह आहे. सगळ्यांना एकच फिल्म, आणि ती माझी!"

"खोटं!" बाबा टेबलाला वळसा घालून तिच्याकडे झेपावला.

पण तोवर थोरली उठली होती. फाटक्या ओठाची, पांढरीफटक, ती कुणाकडे न बघता टीव्हीमागे गेली. तिथं हात घातला. बोटाएवढी वस्तू ओढून काढली.

पडदा निळा झाला.

थोरली त्या रिकाम्या निळ्या पडद्याकडे पाहत राहिली. "एवढंच होतं?" ती म्हणाली. "मी याच्यासाठी पेटत्या गॅसवर पडणार होते?" मग ती तिथंच खाली बसून रडू लागली. भिंगबाबा मागच्या जिन्यानं पसार झाला, आणि त्याला अडवायचं कुणाला सुचलं नाही.

थोरलीनं डॉक्टरांना विचारून गोळ्या पुन्हा सुरू केल्या. फिट थांबल्या. वळवळ मात्र लगेच थांबली नाही. जेवताना मध्येच ती मनगट चोळते आणि म्हणते, "नाहीये तिथं काही. माहितीये मला." भीती शरीरात शिरायला एक सभा पुरते. बाहेर पडताना ती एकेक पायरी मोजत जाते.

आणि तो किडा? तो बिचारा शेवाळावरचा कचरा खातो, वेळ आली की दोन होतो. माणसाच्या वाटेला जात नाही.

त्या दिवसानंतर धाकटीला सभेतल्या लोकांचे फोन येऊ लागले. तिला वाटलं, लोक आभार मानतील. पहिल्या बाईंनी विचारलं, "बाबा आता कुठं बसतात, पत्ता आहे का हो?" दुसऱ्यांनीही तेच विचारलं.

धाकटी चिडत नाही. तिच्या स्वतःच्या दंडाला खाज सुटली होती, हे ती विसरलेली नाही. ती प्रत्येकाला शांतपणे सांगते, "पत्ता नाही. पण तुम्हाला पुन्हा कुणी पडद्यावर काही दाखवलं, तर घाबरण्याआधी विचारा की हे आलं कुठून. उठा आणि वायर कुठं जाते ते बघा. बघू देत नसेल, तर सरळ आपल्या घरी परत जा. आणि कृपा करून, तुमची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका."