कट्टरवरचा पूल

माझा धाकटा दीर गेम बनवतो. म्हणजे ऑफिसात बसून दिवसभर खेळतो, असं माझ्या आईला वाटतं, आणि तिची समजूत घालणं मी केव्हाच सोडून दिलंय. त्याचं खरं काम म्हणजे गेम कुणाला किती अवघड जावा ते ठरवणं. त्याच्या गेममध्ये एक म्हातारी कंदील घेऊन दरीवरचा झुलता पूल ओलांडते. वारा सुटतो, पायाखालच्या फळ्या निसटतात. सुरुवातीलाच गेम विचारतो, कसं खेळणार? निवांत, बेताचं की कट्टर?

"दिवसभर राबून आलेल्या माणसाला गोष्ट पुढे सरकायला हवी असते, वहिनी," दीर सांगायचा. "आणि काहींना डोकं आपटून घेतल्याशिवाय मजा येत नाही."

माझा नवरा डोकं आपटणाऱ्यांतला. "निवांतवर खेळायचं तर खेळायचं कशाला, सरळ झोपावं," म्हणायचा. तो बांधकामावर उंच क्रेन चालवतो. वर काचेच्या केबिनमध्ये बसायचं, दोन्ही हातांत एकेक दांडा धरायचा आणि लोखंडाचा भारा खाली उभ्या असलेल्या दोघांच्या हाती अलगद द्यायचा. त्या दोघांना वर बघायला सवड नसते. ते भाऱ्याकडे बघतात आणि वरच्या माणसावर भरवसा ठेवतात.

गेल्या वर्षी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप, मग किल्ली. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. हे वाढतच जाणार, क्रेन सोडा, म्हणाल्या. "सोडा म्हणायला यांचं काय जातंय," असं तो जिन्यातच पुटपुटला आणि घरी आल्यावर त्याने स्वतःच तोडगा काढला. धाकट्याच्या गेममधला पूल दर रविवारी कट्टरवर ओलांडायचा. ज्या रविवारी जमणार नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी क्रेनवरून कायमचं उतरायचं.

"शब्द देतो तुला," तो म्हणाला. "बोटं तीच, काम तेच. याहून चांगली तपासणी आहे का त्या बाईंकडे?"

दुसरी कुणी असती तर कपाळाला हात लावला असता. मी नाही लावला. माझा नवरा हट्टी आहे, चिडका आहे, पण दिलेला शब्द त्याने कधी मोडला नव्हता आणि मला तेवढाच आधार होता. मी घरीच कपडे दुरुस्त करून देते. रविवारी दुपारी मी बाहेरच्या खोलीत मशीनवर बसायचे आणि माझा सगळा जीव आतल्या खोलीत असायचा. कधी अर्धा तास जायचा, कधी दोन तास. शेवटी तो दारात येऊन म्हणायचा, "ओलांडला." मग मला चहा गोड लागायचा.

असे कितीतरी रविवार गेले. किल्ली आता मीच लावत होते, कप अर्धाच भरत होते, पण पूल ओलांडला जात होता. मी स्वतःला सांगायचे, हात घरी थरथरतो, कामाच्या वेळी शहाणा होतो. आपल्याला हवं ते पटवून घ्यायला माणसाला कुणाची मदत लागत नाही.

मग एका संध्याकाळी दीर जेवायला आला. नवरा आत आडवा झाला होता. दीर माझ्याबरोबर भांडी पुसत होता आणि नेहमीसारखी त्याची टकळी चालू होती.

"कट्टरवाले फार मानी असतात, वहिनी. सोपं करून देऊ का विचारलं की अंगावर येतात. म्हणून आम्ही विचारतच नाही. चार-पाचदा पडले की वारा गुपचूप कमी होतो, फळ्या जरा जास्त टिकतात. तरी नाही जमलं, तर अजून कमी. वर नाव कट्टरच. त्यांचा मान राहतो, आणि गेम अर्ध्यावर टाकून कुणी जात नाही."

माझ्या हातातलं ताट हातातच राहिलं. "तुमच्या दादाच्या गेममध्येही?"

"सगळ्यांच्याच."

त्याला शब्दाबद्दल काही माहीत नव्हतं. नवऱ्याने कुणाला सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं, तसा त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तरी पहिल्यांदा तोंडातून निघालं ते हेच, की दादाला कळता कामा नये, तो खचून जाईल. ते ऐकून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"खाली दोन माणसं उभी असतात, भाऊजी. त्यांच्या बायका आहेत. आणि तुम्हाला तुमच्या दादाच्या मानाची पडलीय? एवढे दिवस फसवलंत तुम्ही त्याला."

त्याने हातातलं ताट पुसून ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, दादाच्या शर्टांची बटणं काढून टिचबटणं कोणी लावली?"

मीच लावली होती, नुसती दाबली की लागणारी. बटणं धुण्यात तुटतात, असं मी नवऱ्याला सांगितलं होतं. तो नुसतं "बरं" म्हणाला होता.

जाण्यापूर्वी दिराने आत जाऊन गेममध्ये काहीतरी नवीन टाकायचंय असं सांगितलं आणि ती मदत काढून टाकली. जाताना माझ्याकडे न बघताच चपला घातल्या.

रविवार आला. मी मशीनवर बसले, पण सुईत दोरा ओवला नाही. आतून म्हातारी पडल्याचा आवाज यायचा, कंदील फुटल्याचा, मग पुन्हा पहिल्यापासून वारा. पुन्हा कंदील. पुन्हा वारा. त्याने एकदाही शिवी घातली नाही आणि मला त्याचीच भीती वाटली. पूर्वी तो पडला की सगळ्या घराला ऐकू जायचं. ऊन भिंतीवरून खाली उतरलं तरी तेच चाललं होतं. मग एकदम आवाज थांबला.

मी उठून दाराशी गेले. त्याची पाठ माझ्याकडे होती. पडद्यावर तेच तीन शब्द होते आणि खूण कट्टरवर होती. ती बेताचंवर आली. तिथे बराच वेळ थांबली. मग निवांतवर गेली.

मी हाक मारायला हवी होती. पण मी बघत राहिले. निवांतवर वारा नसतोच. फळ्या एकेक करून निसटतात, लहान मूलही पलीकडे जाईल. त्याने कंट्रोलर मांडीवर टेकवला, डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं. म्हातारी निघाली आणि निम्म्यावरून पडली. पुन्हा निघाली, पुन्हा पडली. मग कशीबशी पलीकडे पोचली.

मी पटकन येऊन मशीनवर बसले. तो दारात आला.

"ओलांडला."

"कट्टरवर?"

"मग काय निवांतवर?" तो म्हणाला आणि हसला.

सकाळी त्याने डबा उचलला, हेल्मेट घेतलं आणि गेला. तो जिना उतरेपर्यंत मी थांबले आणि बांधकामावरच्या मुकादमाला फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं.

"वहिनी, मला काय हे दिसत नव्हतं?" ते म्हणाले. "हल्ली मी त्याला हलके भारेच देतो. खाली पोरांना उभं करत नाही, मीच थांबतो. वाटलं, घरातून कुणीतरी बोलेल." मग म्हणाले, "उतरवतो त्याला."

दुपार व्हायच्या आधीच तो घरी आला. डबा भरलेलाच होता. हेल्मेट नव्हतं. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. तो ओरडेल म्हणून मी तयारीत होते.

"तू सांगितलंस?"

"हो. काल तू निवांतवर गेलास, ते मी बघितलं. शब्द दिला होतास ना? मग आज वर का गेलास?"

"खाली मला काय येतं?" तो म्हणाला. "सांग ना. वर गेलो की चार माणसं माझी वाट बघतात. खाली मी काय करू? तुझ्या मशीनमध्ये दोरा ओवू?"

खिडकीतून लांबवर त्याची क्रेन दिसत होती. आज तिचा हात हलत नव्हता. त्याने शर्टाची पट्टी धरून ओढली, तशी वरपासून खालपर्यंत सगळी बटणं पटापट उघडली.

"ही लावलीस ना, तेव्हाच मला कळलं होतं, की तुला सगळं दिसलंय," तो म्हणाला. "मला वाटलं, आज बोलशील. मग वाटलं, उद्या बोलशील. तू बोललीच नाहीस. म्हटलं, तिला चालतंय तर जाऊ दे वर."

आणि त्याने दोन्ही हात टेबलावर माझ्यासमोर ठेवले. इतके दिवस ते खिशात असायचे, नाहीतर पाठीमागे. आता दोन्ही थरथरत होते आणि त्याने ते लपवले नाहीत. मी त्यांवर हात ठेवला, तरी ते थांबले नाहीत.