दारात न मावणारं टेबल

हे तुम्हाला खरं वाटणार नाही, म्हणून आधीच सांगतो, विश्वास ठेवू नका. माझ्यावर विश्वास ठेवून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. पण ज्या टेबलावर कोपरं टेकून तुम्ही माझा चहा पिताय, ते तरी बघा. एवढं धूड अंगणात का? कारण ते आमच्याही दारातून आत जात नाही.

हे माझ्या नातीनं ठोकलं. घरात तिला ठिणगी म्हणतात. ती बघा, पलीकडच्या टोकाला पुस्तकात नाक खुपसून बसलीय, पण कान इकडेच आहेत. खोक्यांच्या फळ्या जमवून तिनं हे हॉस्टेलच्या खोलीतच उभं केलं. आमच्या घराण्याची रीतच अशी, वस्तू आधी करायची, मोजायची नंतर. माझ्या वडिलांनी स्वयंपाकघरात होडी बांधली होती. ती काढायला भिंत फोडली, आणि आईनं त्या भगदाडालाच खिडकी बसवून घेतली. पोरगी जाणार कुठे?

तर झालं असं. हॉस्टेलचं फाटक संध्याकाळीच बंद, ग्रंथालय मात्र उशिरापर्यंत उघडं. ठिणगीनं भर सभेत विचारलं, "मग पुस्तकं काय फाटकाच्या फटीतून वाचायची?" पोरी खदखदून हसल्या. रेक्टर बाईंना हसण्याचं वावडं. म्हणाल्या, "माफी लिहून दे, नाहीतर खोली सोड."

"सोडते," ठिणगी म्हणाली. झालं! मी टेम्पो घेऊन हजर.

गादी उतरवली, बादली उतरवली, पुस्तकांची पोती उतरवताना माझा मणका दोनदा जागचा हलला. राहिलं टेबल. आडवं घातलं, उभं घातलं, तिरकं घातलं. दार काही ऐकेना. तेवढ्यात रेक्टर बाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत आल्या.

"दुपारची घंटा झाली की खोलीत उरेल ते कोठीत जाईल. माफी लिहिलीत की परत मिळेल."

"अहो बाई, टेबलानं कुणाचं काय वाकडं केलंय?"

"नियम आहे, आजोबा."

मी ठिणगीला बाजूला घेतलं. "पाय कापू या. घरी गेल्यावर जोडू."

"कापायचेच असते तर माफी लिहिली नसती का?"

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. आमच्या ठिणगीचं नाक दाबा, ती चावते.

मी खिडकीकडे बघितलं. तिसरा मजला. खिडकीला गज होते, पण मी बाह्या सरसावल्या तसे ते आपणहून बाजूला झाले. समजूतदार लोखंड! साऱ्या पोरींनी आपापल्या चादरी आणून दिल्या. गाठीला गाठ मारून दोर केला, गच्चीतल्या पाण्याच्या पाइपावरून टाकला, एक टोक टेबलाला बांधलं. टेबल खिडकीबाहेर लोटलं, तर ठिणगी त्यावर मांडी घालून बसलेली. हातात पुस्तक! म्हणाली, "तेवढंच एक प्रकरण होईल वाचून."

रेक्टर बाई धावत खाली गेल्या आणि त्यांनी दोराचं दुसरं टोक घट्ट धरलं. "थांबवा! परवानगी कुठाय?"

आता टेबल जड की बाई जड? टेबल खाली निघालं, बाई वर निघाल्या. चप्पल एकीकडे, किल्ल्या दुसरीकडे. मी वरून ओरडलो, "सोडा की दोर!" तर म्हणतात, "हॉस्टेलची मालमत्ता आहे, सोडणार नाही!"

अर्ध्या वाटेत दोघी समोरासमोर आल्या आणि दोर अडकला. खाली सगळ्या पोरी माना वर करून उभ्या. लोंबकळत्या अवस्थेतही बाईंचा आवाज तोच. "अजून वेळ गेलेली नाही. माफी लिहितेस?"

ठिणगीनं पान उलटलं. "मॅडम, आधी फाटक उघडं ठेवा."

"ते शक्य नाही!"

"मग बसू या. मला घाई नाही."

तेवढ्यात घंटा झाली. वारा सुटला, दोर करकरला, आणि बाई डोळे मिटून किंचाळल्या, "ठेवते! ग्रंथालय बंद होईपर्यंत उघडं ठेवते!" पोरींनी अशा टाळ्या पिटल्या, की त्या आवाजानंच गाठ सुटली आणि टेबल फुलासारखं अलगद माझ्या टेम्पोत...

"आजोबा!" टेबलाच्या टोकाला पुस्तक धाडकन मिटलं. "खोली तळमजल्यावर होती! दाराची चौकट उखडून काढलं आपण हे टेबल, आणि बाई जमिनीवर उभ्या राहून शिव्या घालत होत्या. फाटक अजूनही संध्याकाळीच बंद होतं. माफी मी लिहिली नाही, तेवढं सांगा की सरळ!"