घरची द्राक्षं

मुकुंदनं पेनाचं टोपण काढलं. मृणालनं पेन त्याच्या हातातून अलगद घेतलं, टोपण परत बसवलं आणि पेन आपल्या पर्समध्ये ठेवून दिलं.

दमणच्या त्या पेढीवर टेबलापलीकडे मगनभाई बसले होते. घाऊक व्यापारी. पाचशे पेट्यांची ऑर्डर त्यांनी लिहून तयार ठेवली होती. मुकुंदची सही तेवढी राहिली होती. दिंडोरीजवळच्या मळ्यात त्यानं वाइन करायला घेतली त्याला तीन वर्षं झाली होती आणि एवढी मोठी ऑर्डर ही पहिलीच. मृणालताई सुरतेला पांडेसऱ्याच्या साड्यांच्या मिलमध्ये केमिस्ट, रंगाईच्या खर्चाचा हिशेबही तीच करते, म्हणून कागद नजरेखालून घालायला त्यानं तिला बरोबर आणलं होतं. थांबवायला नव्हे.

"बाटलीला एकशे दहा देतायत, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "मला पडते ब्याऐंशीला."

तिनं त्याचं टिपण वाचलं. बाटली, बूच, लेबल, वीज, मजुरी, कर, ट्रकचं भाडं.

"आणि द्राक्षं?"

"ती घरची आहेत."

"घरची म्हणजे फुकट? बाजारात पैसे आलेच असते ना त्यांचे?"

मगनभाईंनी हसून पाणी मागवलं. मृणालनं मग विचारलं, की माल वर्षभर टाकीत उभा असतो त्याचं व्याज कुठे लिहिलंय. मिलमध्ये गोदामात पडून राहिलेल्या ताग्यावरही ते चढतं. ऑर्डरच्या तळाशी बारीक अक्षरात अटी होत्या: बारा बाटल्यांवर एक फुकट, फुटतूट पाठवणाऱ्याची, पैसे तीन महिन्यांनी. साड्यांच्या व्यापाऱ्यांकडून असल्या अटी तिच्या मिलमध्ये आठवड्याला येत. तिनं कागदाच्या मागच्या बाजूला आकडे मांडले आणि कागद भावाकडे फिरवला.

"खर्च एकशे तेरा. हातात येणार एकशे एक. जितकं जास्त विकशील, तितका लवकर टाक्या विकायला काढशील."

मुकुंदचे कान लाल झाले. परक्या माणसासमोर ऐकावं लागलं होतं.

"बेन, तमे चाखी छे?" मगनभाईंनी विचारलं. "न चाखता भाव सांगता?"

"आमच्या मिलच्या साड्या मी नेसत नाही, मगनभाई. भाव मीच काढते."

ते मोठ्यानं हसले. मग गंभीर झाले. तिनं सांगितलं ते त्यांनी डोळे मिटून ऐकलं: एकशे पस्तीस, फुकट काही नाही, पैसे महिन्यात. या भावानं पाचशे पेट्या कोण घेईल, असं त्यांनी पंख्याकडे बघत विचारलं. पन्नास ठेवून बघू, फार तर.

दोघंही मुकुंदकडे बघत होते. त्यानं त्या पाचशेच्या आकड्यावरून एकदा अंगठा फिरवला. मग त्यानं बहिणीपुढे हात केला. तिनं पेन दिलं. त्यानं पाचशे खोडून पन्नास लिहिलं, भाव बदलला, अटींवर सरळ रेघ मारली आणि सही केली.

बाहेर ऊन उतरलं होतं. वापी स्टेशनच्या रिक्षांपर्यंत दोघं चालत आली. नाक्याच्या अलीकडे, चहाच्या टपरीपाशी मुकुंद थांबला. त्यानं पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली बाटली काढली. लेबलावर द्राक्षांच्या हंगामाचं साल होतं, १९९७.

"तुझ्यासाठी आणली होती. नमुन्याचा परवाना दमणपर्यंतचाच. पुढे गुजरात लागतं, तिथे दारूबंदी, नेता येणार नाही."

टपरीवाल्याकडून त्यानं दोन रिकामे पेले घेतले. बूच काढलं.

"नमुन्याच्या खर्चात लिही ही," मृणाल म्हणाली.

"नाही लिहिणार. ही घरची आहे."

प्रयोगशाळेच्या खिडकीशी रंगाची नळी धरावी तसा तिनं पेला उन्हासमोर धरला. तळ पाहिला, कड पाहिली. मग एक घोट घेतला. थांबली, आणि आणखी एक घेतला.

मुकुंद रस्त्याकडे बघत होता.

"भाव कमी सांगितला आपण," ती म्हणाली.