विजयमालाबाईंच्या नावाची ओळ

विजयमालाबाईंना त्या सकाळी मिळणार होती कायम नोकरीची ऑर्डर, एकोणीस वर्षांनी. त्यासाठी एक ओळ तेवढी खोडायची होती.

मारेगाव रस्त्यावरच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये बाई कॉम्प्युटरवर बसत. सकाळी नऊला काळ्या पडद्यावर एक कमांड टाइप केली, की मशीनची कालची नोंद, म्हणजे लॉग, ईमेलनं नागपूरला मालकांकडे जाई. मेलला जोडलेली फाइल मालकांच्या मोबाइलवर उघडत नसे, म्हणून सगळी नोंद साध्या अक्षरांत मेलच्या पोटातच जायची. कमांड बाईंना आरतीसारखी पाठ होती. अर्थ विचारला की त्या विषय बदलत.

काल संध्याकाळी गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये मजूर रूपसिंग चिरडून मेला. अडकलेली रुई काढायला तो दार उघडून आत वाकला होता. दार उघडलं की प्रेस थांबायला हवी, थांबली नाही. कारण लॉगमध्ये होतं: ‘१८:४२. दाराचं सेफ्टी लॉक काढलं. युजर विजयमाला.’

आपला पासवर्ड बाईंनीच चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला होता, कुणी सारखं विचारू नये म्हणून. ट्रक भरायची घाई झाली की मॅनेजर सदाशिवराव तो वापरून लॉक काढत.

“खोडा तेवढी ओळ, ऑर्डर आजच देतो,” सदाशिवराव म्हणाले. “रूपसिंग पिऊन होता म्हनू. तो काय सांगाले येते?”

“लॉक तुम्ही काढलं, साहेब. मी पाचलेच घरी गेलती.”

“मस्टर काय म्हनते, ताई? सातची सही सकाळीच मारून ठेवता तुम्ही.”

“सारेच मारते.”

“साऱ्यायचं नाव नाही ना त्यात.”

रूपसिंग चहासुद्धा घेत नसे, पोटात जळजळ होते म्हणून. त्याची बायको फाटकाशी बसली होती. खिडकीतून तिची पाठ दिसत होती.

बाईंनी रोजचीच कमांड टाइप केली. सदाशिवरावांना त्या काळ्या पडद्यातलं ओ की ठो कळत नसे; ओळ खोडली असंच ते समजले. एंटर मारून बाई म्हणाल्या, “गेलं. सारंच.”

नागपूरला पोचलेल्या त्या ओळीवर रूपसिंगच्या बायकोला भरपाई मिळाली. त्याच ओळीवर बाईंची नोकरी गेली, वर पोलिसांत नाव. रूपसिंगचा जीव गेला, बाईंची एकोणीस वर्षं गेली. सदाशिवरावांचं नाव लॉगमध्ये शोधूनही सापडत नाही.

बाईंच्या जागी आता प्राची बसते. पहिल्याच दिवशी तिनं आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला. मॅनेजरसाहेबांनीच सांगितलं होतं.